वाबाशच्या काठचा शेवटचा बोर्ड

४ फेब्रुवारी २०१९, सोमवार

मुखत्यारपत्रावर सही केली. एम्बसीचा शिक्का बसला, पाकीट कुरियरला दिलं. धाकटा भाऊ जॉन्सन आता माझ्या वतीने वसईची वाडी बिल्डरला देऊ शकतो. धाकटा खूश — "दादा, एकदाचा सुटलास!"

सुटलो म्हणे. अंगात मात्र शिसं भरल्यासारखं. बायकोचे, व्हॅलेरीचे गुडघे हॉस्पिटलच्या ड्यूट्यांनी खाल्ले. तिला लिफ्टवालं घर हवंय, मलाही. फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला की इथली, आखातातली बोर्ड छापायची कामं खलास. मग जायचं कुठे?

बहिणीला, व्हेरोनिकाबायला विचारलं नाही. नवरा गेल्यापासून ती वाडीतच राहते. केळी, सोनचाफा, विहिरीची मोटर — सगळं तीच बघते. पण पप्पा गेले तेव्हा हक्कसोड तिनेच हसत लिहून दिलं होतं — "एडू आहे ना!" कागदावर वाडी माझी. तिला बिल्डर फ्लॅट देईलच. सांगू सावकाश.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

चर्चमध्ये मिसाला जाऊन आलो. बायचा नेहमीचा शुक्रवारचा फोन. चाफा लवकर फुललाय म्हणे. मी इथल्या धुळीबद्दल बोललो.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

स्टेडियमच्या बाणांचे बोर्ड लिहून डोळे गेले — गेट, टॉयलेट, गेट, टॉयलेट. त्यात हे नवीन काम. अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीची इथे शाखा आहे, तिच्या लॉबीत प्रदर्शन. वाबाश नावाची नदी, तिच्या काठचे मायामी नावाचे आदिवासी लोक. अठरा बोर्ड, इंग्रजी डावीकडे, अरबी उजवीकडे.

मजकूर वाचत बसलो. मला सवय आहे, माझा कारागीर नसरुद्दीन हसतो — "शेठ, अपने को छापना है, परीक्षा थोडी देना है!" नदीचा तळ चुनखडीचा, पांढरा, चकाकणारा — तोच तिच्या नावाचा अर्थ. काठाने मका. मग सरकारशी एकामागून एक तह. दर तहाला जमीन थोडी कमी. शेवटी १८४६ साली कालव्याच्या बोटींत बसवून पश्चिमेला पाठवलं. सह्या चारदोन सरदारांच्या. बोटींत बायकापोरंसुद्धा.

चहा गार झाला.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

जॉन्सन — "दादा, पाकीट अजून आलं नाही." येईल म्हटलं. कुरियरवाल्यांशी भांडायचीही ताकद नाही.

संध्याकाळी बायचा फोन. "जेवतोस ना वेळेवर?" जेवतो म्हणालो.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

शेवटच्या बोर्डावर इंग्रजी मावेना. अरबी मोठ्या अक्षरांत हवं, तो इथला नियम. नसरुद्दीनने इंग्रजीच्या खालच्या दोन ओळी उडवल्या, अरबीतूनही तेवढंच काढलं. मी म्हटलं, यल्ला, चल, प्रूफवर सही घे. प्रदर्शनाचं बघणारी युनिव्हर्सिटीची बाई रजेवर. मग तिथला स्टोअरकीपर, आपला सोलापूरचा श्रीपती, त्याने केली. मी बावीस वर्षं असंच करतो. समोरच्या पार्टीच्या कोणाचीही सही असली की माझे हात वर.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

बायचा फोन. जास्त बोलली नाही. मीही नाही.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

उद्घाटन. खजूर, कहवा, भाषणं. पाहुणा रॉडनी, सत्तरीचा, शाळेची बस चालवून रिटायर झालेला. मायामी माणूस! थेट वाबाशच्या काठावरून आलेला.

शेवटच्या बोर्डासमोर तो बराच वेळ उभा. मग एकटाच हसला. मला माणसाचं हसू कळतं, कान तयार आहेत माझे. ते हसू नव्हतं.

"इथं लिहिलंय आम्ही बोटीत बसलो," तो म्हणाला. "पुढे?"

पुढे काहीच नव्हतं. त्या दोन ओळींतच होतं — काही घरं मागे राहिली, आजही त्याच काठावर आहेत. बाकीचे ओक्लाहोमात आहेत. जिवंत आहेत. आम्ही जागा नाही म्हणून कापलं ते हे!

बाई संतापली — "हे पास कोणी केलं?" मी प्रूफ काढून दाखवलं. श्रीपती मागे उभा होता, त्याचा चेहरा पडला. रॉडनीने सही बघितली, श्रीपतीकडे बघितलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ह्याला नका बोलू. ह्याला कोणी वाचून दाखवलं होतं का? आमच्या सरदारांसमोरही असाच कागद धरला होता." मग माझ्याकडे वळून — "विचारायचं ज्याला, तो घरीच असतो. पण तिथवर जायला वेळ लागतो, नाही का?"

रागावला असता तर बरं झालं असतं.

२७ फेब्रुवारी, बुधवार

बोर्ड नवा करून लावला. त्या दोन ओळी स्वतः टाइप केल्या. अरबी थोडं बारीक झालं, होऊ दे. श्रीपतीला सॉरी म्हणालो. तो म्हणे, "साहेब, मी कुठं वाचलं होतं!"

२८ फेब्रुवारी, गुरुवार

जॉन्सनला फोन — थांब, व्हेरोनिकाबायला विचारल्याशिवाय काही करू नकोस. तो उसळला. "आता आठवली बाय? बिल्डर रोज दारात! आणि तुझं पाकीट कुठाय? कुरियरवाला सांगतो, दहा तारखेलाच पोचवलं!"

उद्या तिचा फोन येईल. वाट बघायची नाही. मीच करणार. शब्द जुळवतोय. बावीस वर्षं गिऱ्हाईकं पटवली, आणि बहिणीशी बोलायला वाक्य सापडेना.

१ मार्च, शुक्रवार

सांगितलं सगळं.  ती म्हणाली —

"पाकीट वाडीच्या पत्त्यावर आलं, माझ्याच हातात पडलं, एडू. उघडलं, वाचलं. दोन शुक्रवार तुला फोन करून बघितलं, तू सांगतोस का. आज बोललास. आता सांग, फाडू की जॉन्सनला देऊ?"