ठकूची अजून तयारी नाही

१२ जानेवारी
नवीन वही. ही म्हणाली, मनात येईल ते सगळं मला ऐकवू नकोस, कुठेतरी लिहून ठेव. ठीक आहे. नुकसान तिचंच.

मुद्दा असा की या देशात शाळा सहाव्या वर्षी सुरू होते. सहाव्या! आमच्या ठकूला मार्चमध्ये पाच पूर्ण होतील, म्हणजे पोरगी आणखी वर्षभर घरात लोळणार. आपल्याकडे या वयाची मुलं टाय लावून, हात मागे बांधून रांगेत उभी असतात. तोंडावर बोट. इथली या वयाची पोरं बागेत चिखल खातात आणि आया शेजारी कॉफी पितात. या लोकांचं काही खरं नाही.

ठराव: उद्यापासून घरची शाळा. नऊ ते बारा. गणित, इंग्रजी, सामान्यज्ञान, शिस्त. मी कंपनीत स्टोअर्स मॅनेजर होतो. हाताखाली अकरा माणसं. एका मुलीचं काय घेऊन बसलात!

१३ जानेवारी
शाळेचा पहिला दिवस उत्तम. गणितात स्टॉक मोजणी घेतली. चमचे, सुऱ्या बरोबर. काटे ठकूने सहा सांगितले. होते पाच. बरोबर उत्तराला हातावर पेनाने एक स्टार, असा नियम केलाय, त्यामुळे स्टार दिला नाही. मी खैरात करणारा माणूस नाही. नंतर सहावा काटा सिंकमध्ये सापडला. तरी निर्णय फिरवला नाही. एकदा फिरवला की माणसं डोक्यावर बसतात.

सामान्यज्ञानाच्या तासाला जरा डोळा लागला. जागा झालो तर अंगावर पांघरूण, उशाशी बाहुली, आणि शाळा कधीच सुटलेली.

२० जानेवारी
ही हॉस्पिटलात नर्स आहे. आम्ही इथे आलो ते तिच्या नोकरीवर. हे लिहिताना मला काडीचाही कमीपणा वाटत नाही.

तर हॉस्पिटलातून तिने बातमी आणली. सहा वर्षं ही फक्त सक्तीची मर्यादा आहे म्हणे. पाच पूर्ण झाले की दुसऱ्या दिवसापासून मूल शाळेत जाऊ शकतं, वर्षाच्या मधेच, कुठल्याही तारखेला. आणि इथे सगळे तसंच करतात. म्हणजे ठकू दहा मार्चपासून. नाव घालून आले, म्हणाली. मला विचारलंसुद्धा नाही!

पाच वर्षांचं लेकरू! हाडं कोवळी, मन कोवळं. या लोकांना एवढी कसली घाई? इतक्या लवकर शाळेत कोंबलं तर मुलांच्या मनावर कायमचा आघात होतो, असं मी वाचलंय. कुठे ते आठवत नाही. हिला नीट समजावून सांगितलं. ही म्हणाली, गेल्या आठवड्यात तूच टायबद्दल बोलत होतास ना? मी म्हटलं, टायचा विषय वेगळा.

२२ जानेवारी
एखादं स्थळ यावं तशी नोकरी चालून आलीय. हिच्या वॉर्डातल्या सफाईवाल्या बाईचा नवरा एका गोदामात सुपरवायझर आहे. त्याला माणूस हवाय. वेळ बरोबर शाळेची. काम काय, तर ट्रॉली ढकलायची आणि खोके रचायचे.

मी ट्रॉली ढकलू? मी ट्रॉल्या मागवणारा माणूस!

फोनवर सभ्यपणे सांगितलं की मुलगी लहान आहे, घरी दुसरं कोणी नाही, तिची शाळा सुरू झाल्याशिवाय शक्य नाही. तो म्हणाला, मार्चपर्यंत थांबतो. थांबू दे. त्यांना विचार करायला वेळ दिलाय. असा अनुभव त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार आहे?

३ फेब्रुवारी
दादाचा फोन. सध्या काय करतोस, विचारत होता. म्हटलं, शिक्षणक्षेत्रात आहे. वा वा, म्हणाला, किती विद्यार्थी? नेमकी तेव्हाच लाईन खराब झाली. मीच केली.

नंतर ओट्यापाशी जरा उभा राहिलो. ठकू आली, डोळे लाल का, विचारायला लागली. म्हटलं, कांदा. ती म्हणाली, घरात कांदा नाहीये. मग माझा हात धरून उभी राहिली, बराच वेळ. खेळायला बोलावलं तरी जाईना.

मुलं किती चौकस असतात बघा या वयात! शाळेत घातली की मरतं ते सगळं. हिला हा मुद्दा सांगायचा. कांद्याचा भाग गाळून.

११ फेब्रुवारी
दहा ते अकरा निसर्ग अभ्यास, म्हणजे पायी फिरणे. ठकूला रोज तोच रस्ता हवा असतो. शाळेच्या मैदानाच्या तारेच्या जाळीपाशी पोचली की हलत नाही. आतून लाल बुटांची एक मुलगी येते. जाळीतून ठकू तिला पान देते, ती ठकूला खडा देते. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. काय बोलता गं, विचारलं. बोलत नाही, देतो-घेतो, म्हणाली. पावती नाही, नोंद नाही, कसला व्यवहार हा! उद्यापासून मागच्या गल्लीने जायचं.

१२ फेब्रुवारी
मागच्या गल्लीत निसर्ग नाही, नुसत्या कचऱ्याच्या पेट्या. परत जाळीपाशी. बाईसाहेबांची कॉलर टाईट.

२४ फेब्रुवारी
शाळेची ओळखभेट. आठवडाभर ठकूकडून मुलाखतीची तयारी करून घेतली होती. नाव, पत्ता, वडील काय करतात? उत्तर: मॅनेजर. झोपेतून उठवलं तरी म्हणत होती.

वर्गाच्या बाई अनवाणी! मुलाखत नाहीच. ठकूसमोर उकिडव्या बसल्या आणि तिच्या खिशातले खडे बघत राहिल्या, जणू हिरे-माणकं. एवढी मेहनत पाण्यात जाणार असं दिसलं, तेव्हा मीच ठकूला इंग्रजीत प्रश्न टाकला, वडील काय करतात? ठकू म्हणाली, बाबा माझ्याजवळ असतो. तेही अस्सल इंग्रजीत. हे इंग्रजी मी शिकवलेलं नाही.

बाईंनी मान हलवली. मला त्यांची मान हलवण्याची पद्धत आवडली नाही.

पुढे म्हणाल्या, पालकांनी अर्धा तास बाहेर जावं. मी पोरांच्या खुर्चीत बसलो होतो, ती खुर्ची माझ्याबरोबरच उठली. दोघा पोरांनी ओढून काढली. बाहेरून मी खिडकीशी उभा राहिलो, केवळ ठकूला धीर यावा म्हणून. तिने एकदाही खिडकीकडे बघितलं नाही. बाईंनी पडदा ओढून घेतला. अशा संस्थेत काय लपवायचं असतं?

९ मार्च
ठकू पाच वर्षांची झाली. केक आणला. हिची डबल ड्यूटी, त्यामुळे आम्ही दोघांनीच कापला. मेणबत्ती विझवल्यावर ठकूने विचारलं, मी शाळेत गेल्यावर तू कोणाबरोबर जेवणार? म्हटलं, बाबाला पुष्कळ कामं असतात. कुठली? मोठ्यांची. ती केककडे बघत राहिली. खाल्ला मात्र थोडाच.

१० मार्च
मी म्हटलंच होतं! फाटकापर्यंत उड्या मारत गेली. मी एवढंच म्हटलं, जा हं ठकू, माझी काळजी करू नकोस. त्याबरोबर पोट धरून खालीच बसली. रडारड. बाई आल्या, लाल बूट आले, उपयोग शून्य. घेऊन आलो घरी. कोपऱ्यावर वळलो आणि पोट थांबलं.

घरी आल्यावर स्टॉक मोजणी घेतली. पैकीच्या पैकी. एक स्टार दिला, अपवाद म्हणून. दिवस छान गेला.

१३ मार्च
रोज तेच. फाटक, पोट, घर. हिने ठकूला डॉक्टरांना दाखवलं. पोटात काही नाही. मूल मनाने तयार नसेल तर डॉक्टरला काय दिसणार? बाईंनी सुचवलं की वडिलांनी फाटकाशी रेंगाळू नये, टाटा करून सरळ चालू पडावं. रेंगाळू नये! बापाच्या मायेला हे रेंगाळणं म्हणतात.

१७ मार्च
गोदामवाल्या सुपरवायझरचा फोन. शेवटचं विचारतो, म्हणाला. म्हटलं, मुलीची तब्येत नाजूक आहे, पितृकर्तव्य आधी. पितृकर्तव्याला इंग्रजी शब्द सापडला नाही, पण त्याला समजलं असावं. फोन लगेच ठेवला.

ठराव: शाळेला ईमेल. ठकूची अजून तयारी नाही, सबब प्रवेश सहाव्या वर्षापर्यंत स्थगित करावा. मसुदा इतका झकास उतरला की तीनदा वाचला. पाठवला. हिला योग्य वेळी सांगू.

१९ मार्च
शाळेने उत्तर हिच्या पत्त्यावर पाठवलं. फॉर्मवर तिचा पत्ता होता.

ओरडली असती तर बरं झालं असतं. बूट न काढता खुर्चीत बसली. म्हणाली, बारा-बारा तास लोकांचं हगणं-मुतणं काढते मी. तिकडे काय होते मी, आठवतंय? सिस्टर-इन्चार्ज. इथे पहिल्या पायरीवरून सुरू केलं, एक शब्द बोलले नाही. आणि तुला एक लेकरू फाटकात सोडून मागे फिरता येत नाही.

मी म्हटलं, प्रश्न ठकूच्या पोटाचा आहे. ती हसली. लग्नाला नऊ वर्षं झाली, हे हसू मी बघितलं नव्हतं.

तिची बाजू मी समजून घेऊ शकतो. थकलेली आहे.

२३ मार्च
हिची सुट्टी. मला झोपेतून उठवलं नाही. उठलो तर घर रिकामं. टेबलावर ठकूचा अर्धा खाल्लेला ब्रेड. या खोलीला इतका आवाज आहे हे माहीत नव्हतं. फ्रिज गुरगुरतो, नळ ठिबकतो, वरच्या मजल्यावर कोणीतरी सारखं चालतं. ठकू असते तेव्हा काही ऐकू येत नाही.

ही एकटीच परत आली. ठकू आत गेली, म्हणाली. रडली नाही. पोटही दुखलं नाही.

मी म्हटलं, योगायोग.

मग हिने सांगितलं. बाईंनी ठकूला विचारलं, आज पोट कसं आहे? ठकू म्हणाली, आज नाही दुखत. आज आई घरी आहे. एरवी बाबा एकटा असतो, आणि एकटा असला की तो रडतो. म्हणून मी येत नाही.

हे सांगून ही आंघोळीला गेली. दाराआडून पाण्याचा आवाज येत होता, बराच वेळ. बाहेर आली तर तिचेही डोळे लाल.

मुलं काहीही बोलतात. एकदाच झालं होतं ते. फार तर चारदा.

२४ मार्च
हिची सकाळची ड्यूटी. ठकूला मीच नेलं. फाटकापाशी आलो, तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हात पोटाकडे न्यायला लागली. मी घाईघाईने म्हणालो, आजपासून बाबाची पण शाळा आहे. मोठी, खोक्यांची. ती थबकली. दप्तर कुठेय, विचारलं. म्हटलं, मोठ्यांना लागत नाही. डबा? तोही नव्हता. तिने आपला डबा उघडला आणि अर्धं सफरचंद माझ्या हातात दिलं. तिथे मुलं आहेत का? म्हटलं, पुष्कळ. मग गेली. लाल बुटांची दारातच उभी होती. ठकूने मागे वळून पाहिलं नाही.

मी टाटा करून सरळ चालू पडलो. बघायला कोणी नव्हतं, तरी.

गोदामात गेलो. सुपरवायझर वाईट माणूस नाही. बसायला सांगितलं, पाणी दिलं. जागा मागच्याच आठवड्यात भरली. माझा अनुभव सांगायला लागलो, अकरा माणसांचा, तर त्याने मधेच ट्रॉली ढकलणाऱ्या एकाला वाट दिली आणि मग पुढचं मीच सांगितलं नाही. पुन्हा काही असेल तर कळवतो, म्हणाला. माझं नाव त्याने लिहून घेतलं नाही.

घरी जावंसं वाटेना. बसस्टॉपच्या बाकावर बसून राहिलो. बसवाले थांबायचे, मी हाताने नको म्हणायचो. दुपारी सफरचंद खाल्लं. काळं पडलं होतं.

शाळा सुटली. ठकू धावत आली, चिखलाने माखलेली, हातात कसलासा चिकटवलेला कागद. लाल बुटांच्या मुलीचं नाव सांगायला लागली आणि मधेच थांबली. तुझी शाळा कशी झाली? म्हटलं, छान. मुलं खेळली तुझ्याशी? हो. रडलास?

म्हटलं, नाही.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग दप्तरातून पेन काढलं, माझा हात ओढला, आणि फुटपाथवरच उभी राहून तळव्यावर स्टार काढला. लोक बाजूने जात होते. उद्या पण जायचं हं बाबा, म्हणाली.