प्रयोगशाळा : आहे

नाशिक, १९ जुलै

प्रिय हर्षाली,

तुझा तक्ता मिळाला. डावीकडे नेदरलँड्स, उजवीकडे भारत, आणि माध्यमिक शिक्षणावर दोन्ही सरकारं काय खर्च करतात त्याचे नीटनेटके रकाने. तुझ्या संशोधनाचं कौतुक करायला हवं, पण खरं सांगतो, वाचून डोकं फिरलं. पेठची बस द्वारका चौकात अर्धा तास अडकली होती, तेवढ्यात तीनदा वाचला. तिकडे एका मुलामागे सरकार वर्षाला जे घालतं, त्यात माझा अख्खा नववीचा वर्ग वर्ष काढेल. श्रीमंत देशाशी नुसते आकडे ताडू नयेत, उत्पन्नातला वाटा बघावा, असं तू खाली लिहिलंयस. तोही बघितला. राग काही गेला नाही.

तू आपल्या शाळेत दोनच वर्षं विज्ञान शिकवलंस. मग द्राक्षांच्या कंटेनरमागोमाग नवऱ्याबरोबर रॉटरडॅमला गेलीस, असं मी इथे सगळ्यांना चेष्टेनं सांगतो. आम्ही अजून अनुदानाच्या टप्प्यातच आहोत. आधी वीस टक्के, आता चाळीस. माझं लग्न जमवताना मुलीकडचे ‘किती टक्के?’ विचारतात, ते दहावीचे मार्क नसतात. पगारातला किती वाटा सरकार देतं, ते विचारतात. चाळीस म्हटलं की पोहे खाऊन मंडळी उठतात. हे तुझ्या कुठल्या रकान्यात बसतं सांग.

सगळ्यात जास्त खुपला तो शेवटचा रकाना, विज्ञान प्रयोगशाळा असलेल्या शाळांचा. त्यात आपल्याकडचा आकडा तुला बरा वाटला, ‘निदान इथे तरी’ असं तू लिहिलंस. अगं, तो आकडा शाळांनीच भरलेल्या फॉर्मवरून येतो ना? आपली प्रयोगशाळा तुला माहीत आहे. स्टाफरूममधलं कपाट, आत सात परीक्षानळ्या आणि काटा गळालेलं एक होकायंत्र. तपासणीच्या दिवशी दुसऱ्या शाळेतून टेम्पोत सामान आणायचं, मांडायचं, साहेब गेले की परत पाठवायचं. फॉर्मवर सही करायला तू नकार दिलास तेव्हा हेडसर म्हणाले होते, “‘नाही’ लिहिलं की टप्पा गेला. सोळा घरं आहेत, मॅडम.” महिन्याभरात तू राजीनामा दिलास.

यंदा दहावीत मीना नावाची मुलगी आहे. आईवडील भात लावून झाला की द्राक्षांच्या कामाला पिंपळगावकडे जातात, ती आजीपाशी राहून शिकते. तिला विज्ञानालाच जायचंय. मागच्या आठवड्यात मी आम्लात लिटमस लाल होतो असं फळ्यावर लिहीत होतो, तर ती उठून म्हणाली, “सर, लाल म्हंजे कसा लाल? तुमी पाहेल हाय का?” वर्ग हसला. मी पाहिलाय, कॉलेजात. तिला मात्र रंगीत खडूनं दाखवला, आणि त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळा नसलेल्या शाळांना सामान देण्याची यादी आली. आपल्याहून बऱ्या शाळा त्यात आहेत, आपली नाही. शिक्षण विभागात चौकशी केली, तर क्लार्कनं फॉर्म उघडून दाखवला. तुमच्याकडे ‘आहे’, म्हणाला, सही पण आहे. पुरवणी यादी महिनाअखेरीस निघेल, पण ‘आहे’चं ‘नाही’ झाल्याशिवाय नाव लागायचं नाही.

हर्षाली, ती सही माझी आहे. तू गेल्यावर फॉर्म माझ्याकडे आला आणि मी मुकाट्यानं केली, पुढे दरवर्षी करत राहिलो. सही कुणी केली असं तू फोनवर विचारलंस तेव्हा मी हेडसरांचं नाव सांगितलं, कारण तू ज्यासाठी नोकरी सोडलीस तेच मी केलं, हे तुला सांगायचं धाडस नव्हतं. काल मी फॉर्मवर ‘नाही’ केलं आणि आधीचं खोटं माझं होतं असं लेखी दिलं. आता सोळा जणांचा पुढचा टप्पा अडकेल. स्टाफरूममध्ये कुणी माझ्याशी बोलत नाही, आणि त्यांचं चुकतंय असंही मला म्हणवत नाही. इतर कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तुझ्या शेवटच्या रकान्यातून एक शाळा वजा कर. खाली टीप देताना माझं नाव लिहिलंस तरी चालेल.

तुझाच, आणि तुझा अपराधी,
शेखर