दगडांसकट चार टायर

सोमवार, ८ एप्रिल

ओडेल मिरियम क्रोनवॉल — तुझा ट्रेलर, गाडीमागे ओढायचे आपले ते फिरते घर, विकण्याचे मी ठरवले आहे. ही गोष्ट दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुझ्या कानी जाण्यापूर्वी मीच सांगणे उचित. यापुढे मात्र तुला उद्देशून लिहिणार नाही. नोव्हेंबरात तू गेलीस, तेव्हापासून मी तुझ्याशी फार बोलू लागलो आहे — मोठ्याने, आणि दुकानातसुद्धा! रोजनिशीने तरी शिस्त पाळावी.

मॅव्हिस गुंडरसनच्या शेतावर गेलो होतो. हिवाळाभर अर्ध्या गावाच्या बोटी आणि ट्रेलर तिच्या कोठारात दाटीवाटीने उभे असतात. मेच्या मध्यापर्यंत सर्वांनी बाहेर पडायचे. पुढच्या हिवाळ्यासाठी जागा हवी असेल त्याने कोठाराच्या किल्ल्या स्वतःजवळ ठेवायच्या. नको असेल त्याने परत द्यायच्या. मॅव्हिसचे करारपत्र एवढेच.

"यंदा किल्ल्या देतोयस म्हण की! तुझ्या जागेवर चौघं डोळा ठेवून बसलेत."

"विक्री पूर्ण झाल्यावर देईन."

ट्रेलर पाहायला हाल्व्हर्सन दांपत्य आले. टेस आणि कॉर्बिन, दोघेही तिशीच्या आतले, हसतमुख. त्यांना तो आवडला. कॉर्बिनने टायरला हलकी लाथ मारली — पुरुष टायरला लाथ का मारतात, हे मला आजवर उमगलेले नाही — आणि म्हणाला, "टायर तर कोरे करकरीत आहेत, काका!"

"कोरे दिसतात," मी म्हणालो.

गुडघे टेकून, चष्मा पुसून टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे वाचले. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. सात वर्षे झाली होती. ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या-उभ्या मरतात. नक्षी जशीच्या तशी राहते आणि रबर आतून वाळत जाते. आमच्याकडे दर उन्हाळ्यात कोणीतरी नक्षीवर विसंबून निघतो आणि महामार्गाच्या कडेला फुटलेल्या चाकापाशी बायकोची बोलणी खात उभा राहतो.

चारही टायर बदलूनच ट्रेलर स्वाधीन करीन, असा शब्द दिला. शनिवार, ४ मे.

शुक्रवार, १२ एप्रिल

चर्चच्या सभागृहात ईस्टरपूर्वीच्या शुक्रवारची पंगत, तळलेले मासे. टायरविषयी विचारले, ही चूक झाली. टेबलावर आठ माणसे, नऊ मते! एक म्हणे मालवाहू गाडीचेच टायर घालावेत, ते मजबूत. दुसरा म्हणे छे, ट्रेलरचे खास टायरच हवेत, त्यांची बाजू ताठ असते, वळणावर ट्रेलर डुलत नाही. दोघे भाऊ आहेत. उठताना एकमेकांशी बोलत नव्हते.

आर्डिस, ओडेलची धाकटी बहीण, समोर बसून कोबीची कोशिंबीर संपवत होती. म्हणाली, "भावजी, विकायच्या ट्रेलरला इतका अभ्यास? परीक्षा आहे का?"

मी उत्तर दिले की सदोष वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारणे योग्य नव्हे.

"हो का," ती म्हणाली. तिच्या 'हो का'चे स्वर मला ओळखीचे आहेत. ओडेलचेही तेच होते.

शनिवार, १३ एप्रिल

रॉली ड्वोरॅकच्या टायरच्या दुकानात. रॉली माझा विद्यार्थी. भूमितीत दोनदा बसला. अजून मला पाहिले की हातातली सिगारेट पाठीमागे नेतो. आज पन्नाशीचा आहे!

"वजन किती, सर?"

मी कारखान्याने दिलेला आकडा सांगितला.

"तो रिकाम्या ट्रेलरचा. त्यात ना पाणी, ना भांडी, ना बायको." — मग एकदम ओशाळला. "माफ करा, सर."

मी म्हणालो, विधान यथार्थ आहे. वजन करून आणतो.

मंगळवार, १६ एप्रिल

धान्याच्या सहकारी गोदामावर, ट्रक तोलतात त्या वजनकाट्यावर ट्रेलर नेला. "मका कुठाय, मास्तर?" काट्यावरचा माणूस ओरडला. प्रथम संपूर्ण ट्रेलर, मग केवळ डावीकडची चाके, मग केवळ उजवीकडची. डावी बाजू अवाजवी जड. काट्यात दोष असावा म्हणून पुन्हा तोलले. काटा निर्दोष.

स्वयंपाकाची शेगडी, पाण्याची टाकी, कपाटे — सर्व उजवीकडे. डावीकडे फक्त पलंग!

बुधवार, १७ एप्रिल

पलंगाची फळी उचलली. कॉफीचे पत्र्याचे डबे, एकाला एक खेटून, अगदी भिंतीपर्यंत. प्रत्येकात दगड.

सुपीरियर सरोवराच्या काठी ती तासन् तास वाकून चालत असे, हे मला ठाऊक होते. अकीक शोधते, असे सांगे. डझनात एखादा अकीक निघतो, लाल पट्ट्यांचा. बाकी निव्वळ दगड. ओले असताना सगळेच सुंदर दिसतात. निघताना मी विचारी, "हे सगळे बरोबर घ्यायचे आहेत का?" ती म्हणे, "छे, एवढे दोनच." ते दोनच दोनच करत इतके झाले! आणि मी हे वजन वर्षानुवर्षे ओढत होतो. चढावर गाडी धापा टाकते म्हणून यंत्रज्ञाला दोष देत होतो.

हसू आले. ट्रेलरमध्ये एकट्याने, मोठ्याने हसलो. नोव्हेंबरनंतर प्रथमच, म्हणून नोंद करतो.

डबे बाहेर काढायला घेतले. तिसऱ्या डब्यानंतर थांबलो. पाठ दुखत होती असे नाही.

गुरुवार, १८ एप्रिल

ते तीन डबे परत आत ठेवले. पावसात पत्रा गंजला असता.

रविवार, २१ एप्रिल. ईस्टर

आर्डिसकडे जेवण. भाजलेले हॅम, बटाटे, तिचा तो थरथरता हिरवा गोड पदार्थ, ज्यात गाजर का घालतात हे विचारायचे नसते. दगडांची हकीकत सांगितली. ती इतकी हसली की चष्मा ताटात पडला.

"आमची ताई! मला तर म्हणायची, यांना कळलं तर समांतर रेषेत मांडून ठेवतील."

नंतर भांडी पुसता पुसता म्हणाली, "तिला एक हिवाळा बर्फाचं फावडं हातात न घेता काढायचा होता. माहितेय ना, भावजी? दक्षिणेत, आखाताच्या किनाऱ्यावर. तिथले शिंपले गोळा करायचे होते."

माहीत होते. या ऑक्टोबरात निघणारच होतो — म्हणजे गेल्या ऑक्टोबरात. तेव्हा आम्ही रुग्णालयात होतो.

"शिंपले हलके असतात," मी म्हणालो.

"तिने तिथेही दगडच शोधले असते," आर्डिस म्हणाली.

बुधवार, २४ एप्रिल

टायर निवडले. रॉलीशी झालेला संवाद आठवेल तसा लिहितो.

"दगड बाहेर काढा, सर. मग साधे टायर पुरतात. विषय संपला."

"दगड आत आहेत असे धरून हिशेब कर."

"आत धरले तर एक दर्जा वरचे लागतील. जास्त भाराचे, जास्त हवेचे. पण हाल्व्हर्सन मंडळी काय दगड घेऊन हिंडणारेत?"

"ट्रेलर ज्या वजनाचा आहे, त्या वजनाचेच टायर त्याला असावेत."

"बरं. आणि ट्रेलर गेल्यावर दगड कुठं जाणार, सर?"

मी टायर दाखवायला सांगितले. वर्गात अडचणीच्या प्रश्नाला तोही अशीच बगल देत असे.

त्याने मागून एक संच आणला. मी वाकून चार आकडे वाचले. दोन वर्षांपूर्वीचे! न वापरताही वय होतेच, मी नाकारले. "या वर्षी जन्मलेले हवेत."

"जन्मदाखला आणू का सोबत?" तो म्हणाला, पण दूरध्वनी करून मागवले. "सहा-सात वर्षं बघायला नको, सर. फक्त फिरते ठेवा. उभे राहिले की लवकर वाळतात."

सहा-सात वर्षे. मी चौऱ्याहत्तर. अशा माणसाने इतक्या मुदतीची वस्तू घ्यावी का, हा विचार घरी येईपर्यंत केला. अर्थात टायर हाल्व्हर्सन दांपत्यासाठी आहेत. तेव्हा हा विचारच गैरलागू.

गुरुवार, २ मे

टायर बसवले. काळेभोर, नव्या रबराचा वास. ट्रेलर उभा राहिला की आता जरा रुबाबदार दिसतो.

रॉली म्हणाला, "पन्नास मैल झाले की नट पुन्हा आवळायचे. नवी चाकं बसतात तसे नट सैल पडतात. कॉर्बिनला सांगून ठेवा."

"तो विसरला तर?"

"मग कुठल्यातरी शेतात चाक सापडेल."

"हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, रॉली. काम अर्धवट ठेवून मी ट्रेलर देणार नाही. पन्नास मैल मीच जाऊन येतो."

"गावाभोवतीच चकरा मारा की!"

पन्नास मैल एकाच गावाभोवती फिरणे मला पोरकट वाटते. उद्या उत्तरेकडे जाईन.

शुक्रवार, ३ मे

उत्तरेकडे गेलो. गाडीत शेजारची जागा रिकामी. तिच्यावर नकाशा ठेवला, म्हणजे तिला काही काम राहील.

पन्नास मैलांवर सरोवराकाठचे सरकारी उद्यान आले. बर्फ नुकताच फुटला आहे. काठाशी तुकडे काचेसारखे किणकिणतात. नट आवळायला सपाट जागा हवी, आणि अशी जागा एकच — झाडांच्या मधली, जिथे ट्रेलर उलटा, म्हणजे गाडीने मागे रेटत, घालावा लागतो.

उलटा घालणे हे काम दोघांचे. पुरुष गाडी हाकतो, बायको मागे उभी राहून हात करते, आणि दोघे भांडतात. उद्यानात इतर सर्व लोक खुर्च्या मांडून ते पाहतात. इथली ही रीतच आहे. आयुष्यभर भूमिती शिकवलेल्या माणसाला ट्रेलर हव्या त्या कोनात घालता येत नाही, यावर ओडेलने पुष्कळ करमणूक करून घेतली. ती नारिंगी हातमोजे घालून उभी राहत असे, कारण आरशात मला तेवढेच दिसे.

हातमोजे दाराच्या खणात होते. उतरलो, जागेच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या फांद्यांवर एकेक अडकवला, परत बसलो. दोन नारिंगी ठिपके, त्यांच्या मधून जायचे. दोन बिंदू आणि एक रेषा! पहिल्या प्रयत्नात फसलो. दुसऱ्यातही. चौथ्यात बसला.

पलीकडच्या ट्रेलरपुढे एक गृहस्थ सॉसेज भाजत होते. टाळ्या वाजवत म्हणाले, "वा! ट्रेलर लावला आणि आवाज नाही! भांडण न करता लावणारा पहिलाच माणूस पाहिला."

"भांडायला माणूस लागते," मी म्हणालो.

त्यांचा चिमटा हातातच राहिला. मग आतून त्यांच्या पत्नीचा आवाज — "अहो, त्यांना जेवायला बोलवा की! नुसते काय उभे राहिलात खांबासारखे?" बोलावले. गेलो. मोहरी लावलेले सॉसेज, पातळ कॉफी. त्यांनी फारसे काही विचारले नाही. त्या बाईंनी दुसऱ्यांदा वाढले.

मग पाना घेऊन चारही चाके तपासली. दोन नट पाव फेरी फिरले. बाकीचे घट्ट होते. काम संपले, परत फिरायला हरकत नव्हती.

काठावर चालायला गेलो. परतलो तेव्हा कोटाच्या खिशात चार दगड होते. कसे आले, सांगता येत नाही. पलंगाखालच्या डब्यात टाकले.

टायर तेवढा भार घेऊ शकतात.

शनिवार, ४ मे

सकाळी परत आलो आणि सरळ हाल्व्हर्सन यांच्या घरी गेलो. टोपी हातात घेऊन दारात उभा राहिलो. बयाणा घेतलेला नव्हता, पण शब्द दिला होता, आणि माझ्या दृष्टीने शब्द हा बयाण्याहून मोठा. वाटेत तीन वाक्ये तयार केली होती. पहिले म्हटले — "मी आपला अपराधी आहे" — आणि टेस हसू लागली.

"काका, ट्रेलर द्यायचा नाहीये ना? ते आम्हाला केव्हाच कळलं! दगडांसकट टायर घेतलेत म्हणून रॉली सांगत होता. अख्ख्या गावाला माहितेय."

"मला कोणी सांगितले नाही!"

कॉर्बिनने खुर्ची पुढे केली. मी विनंती केली की त्यांना दुसरा चांगला ट्रेलर मिळवून देण्याची जबाबदारी माझ्यावर सोडावी. उरलेली दोन वाक्ये वापरावी लागली नाहीत.

शनिवार, ११ मे

टेस व कॉर्बिन यांच्यासह तीन ट्रेलर पाहिले. प्रत्येकाखाली पाठीवर पडून टायरचे आकडे वाचले. पहिला मालक: "नक्षी बघा ना, साहेब, नक्षी!" दुसरा: तोच मंत्र. तिसऱ्याने आपणहून सांगितले की टायर म्हातारे आहेत. तोच घेतला. टायरसाठी मंडळींना रॉलीकडे पाठवले आणि वजन आधी करून घ्या असे बजावले.

"आमच्याकडे दगड नाहीत, काका," टेस म्हणाली.

"जमतील," मी म्हणालो.

मंगळवार, १४ मे

कोठार रिकामे झाले. मॅव्हिस दारात: "किल्ल्या कशाला देतोयस? विकला नाहीस ना? मग हिवाळ्यात ठेवशील कुठं?"

"आखाताच्या किनाऱ्यावर."

"एकटा?"

"हातमोजे बरोबर आहेत."

दार ओढून घेतले. कुलूप लावले. किल्ल्या परत दिल्या.