नव्वद रुपयांचा पॉइंट

मी, जीवन धोंडीराम जेजुरकर, वय २७, धंदा वायरिंग, सध्या राहणार इंदिरानगर, नाशिक (सध्या लिहितो, कारण एका पत्त्यावर दोन दिवाळ्या मी कधी काढल्या नाहीत), डोकं ठिकाणावर असताना, कोणी भाग न पाडता हे मृत्युपत्र लिहितो. परवा ओरिसात हायटेन्शन लाईनच्या कामाला निघालोय. तिथून सगळेच परत येतात असं नाही.

१. पोस्टातले अकरा हजार चारशे रुपये बहीण निकिता हिला. तिच्या नवऱ्याने त्यातून मोटारसायकल घेऊ नये.

२. ड्रिल मशीन, टेस्टर, पक्कड ज्ञानेश मौले याला. पक्कड त्याच्या वडिलांचीच, मी परत केली नव्हती. ते कोंडाजी मौले माझे उस्ताद. आयटीआय अर्धी सोडून मी देवळाली कॅम्पात कॅन्टीनच्या बश्या विसळत होतो, तिथून त्यांनी मला उचललं.

३. नाशिक रोडचे खंडेराव. आमच्यात दिवा, पंखा, प्लग, प्रत्येकाचा एक पॉइंट, आणि पैसे पॉइंटवर. यांनी काम झाल्यावर बावीसचे सतरा मोजले. माफ केलं. पुढचं कलम लिहिणाऱ्याला तो राग शोभत नाही.

४. सिंधुबाई काठे. शेवंती विकून १९९९ साली त्यांनी इंदिरानगरला घर बांधलं. कोंडाजी म्हणायचे, "आधी मीटरपासून मोरीपर्यंत घर फिर, मग तोंड उघड." ते फिरले आणि मालासकट पॉइंटला दीडशे बोलले. मला स्वतःचं पहिलं काम हवं होतं. मी गेटातूनच नव्वद बोललो.

चार दिवसांत कळलं, नव्वदमध्ये वायरसुद्धा भागत नाही. मग अर्थिंगची तार गाळली. बाहेरून प्लगला तीन भोकं दिसतात, मागे तिसऱ्याला काहीच जोडलेलं नाही. बिघाड झाला की करंट त्या तारेने जमिनीत जातो. तार नसली की माणसातून जातो.

वर्षभरात त्यांची सून दीपमाला हिला गिझरचा झटका बसला. उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. सगळ्यांनी गिझरला शिव्या दिल्या, मीही दिल्या. नवा गिझर मीच बसवला. सिंधुबाईंनी मेथीच्या दोन जुड्या दिल्या, त्या घेतल्या.

माझ्या मरणानंतर, कलम १ च्या आधी, माझ्या पैशातून त्या घराला अर्थिंग करून द्यावं.

इथवर लिहून कोंडाजींकडे साक्षीची सही मागायला गेलो. त्यांनी दोनदा वाचलं.

"म्हणजे तू मरेस्तोवर त्या पोरीनं तोच प्लग लावायचा? अन् तू नाहीच मेला तर?"

सही न करता कागद परत दिला.

५. कलम ४ मधली 'माझ्या मरणानंतर'ची ओळ रद्द. ओरिसाची गाडी सोडली. अंगणात अर्थिंगचा खड्डा घेतला, कोळसा-मीठ भरून पत्रा पुरला, तीन दिवसांत प्रत्येक प्लगला तार ओढली. खड्डा घेण्याआधी दोघींना सगळं सांगितलं. दीपमाला आत गेली. सिंधुबाई शेवंतीच्या पाट्या भरत होत्या, भरतच राहिल्या. मग म्हणाल्या,

"दीडशे सांगितलं असतंस तर दीडशे दिलं असतं. स्वस्त म्हणून नाय दिलं तुला काम. पहिलंच हाय म्हणालास, म्हणून दिलं."

बाकी मृत्युपत्र कायम.

सही: जीवन धो. जेजुरकर
साक्षीदार: कोंडाजी मौले, केरू तिडके (वायरचे दुकानदार)
नाशिक, १३ नोव्हेंबर २००३