सावलीएवढा दोरा

३ मे, सोफिया

त्सोना, कशी आहेस? गुडघा काय म्हणतो? तुझ्या नवरोबाचा, गेन्चोचा खोकला बसला का, की अजून तंबाखूला मिठी मारूनच आहे? आणि आपली रादोस्त? सतरावं लागलं, तरी लेक तुझी पॉप्लरच्या झाडासारखी वाढतेच आहे ना? पत्र रविवारी टाकीन. तोवर या वहीत तुझ्याशीच बोलते, बहिणाबाई.

सुखरूप पोचले. स्टेशनसमोरचं हे रेल्वेचं हॉटेल म्हणजे राजवाडाच गं! एकशे चाळीस खिडक्या, आणि पडदे सगळे मी शिवायचे. दुपारी बनित्सा मिळाली. चीज भरपूर, पण पदर जाड. तुझ्या हातची सर नाही.

६ मे

संत गेओर्गीचा सण. इथली उत्तरेची भिंत एक्स्प्रेस आली की तडकते. तीनदा बांधून झाली. त्राइको मेस्त्रीने आज तिच्या पायाशी कोकरू कापलं. बाराची गाडी आली नि भिंत पुन्हा चिरली. मी म्हटलं, मेस्त्री, कोकरू आम्हाला वाढलं असतं तर निदान पोटं तरी भरली असती. सगळे खो खो हसले. तो नाही हसला. म्हणाला, कोकरावर भागत नाही तिचं, आजी.

१२ मे

लख्ख ऊन. भर बाराला रस्त्यावर उभी राहून खिडक्या मोजत होते. मेस्त्रीने माझ्याच पिशवीतला दोरा मागितला. फरशीचं माप घ्यायचंय म्हणाला. घे बापड्या, म्हटलं. एक टोक मीच टाचेखाली दाबून धरलं. दुसरं त्याने माझ्या सावलीच्या डोक्यापर्यंत नेलं, गाठ मारली, दोरा खिशात घातला. परत दिला नाही मेल्याने.

१९ मे

भिंत उभी राहिली! गाडी आली, गेली, ओरखडा नाही. साहेबांनी मेस्त्रीला राकिया पाजली. मला मात्र बरं नाही. गाडी आली की बरगड्या हादरतात, हातातली कपबशी वाजते. वय झालं, दुसरं काय.

२ जून

थुंकीत चुना येतो.

धोबीण येलेनका मला उन्हात घेऊन गेली. जमिनीकडे बघून तिने छातीवर क्रूस काढला. म्हणाली, नेडा, तुझी सावली वीतभरच उरलीय गं.

गवंड्यांजवळून जाताना आई आपल्याला पदराखाली घ्यायची, आठवतं? ज्याच्या सावलीचं माप भिंतीत चिणलं, तो माप घेतल्यापासून चाळीस दिवसांत जातो. आणि मी, मोठी शहाणी, दोरा माझा दिला, टोकही धरलं. एकवीस तारखेला चाळीस भरतात.

८ जून

मेस्त्रीला गाठलं. लाज नाही माणसाला. म्हणाला, तुला ना नवरा ना पोर, आजी. कुणाची तरणी लेक घेतली असती तर बरं झालं असतं का? मी पाय धरले. तेव्हा म्हणाला, एक वीट सैल ठेवलीय, दोरा बदलता येईल. दुसऱ्या कुणाचं माप आण, सावलीचं नाही तर अंगाचंच, डोक्यापासून टाचेपर्यंत. माणूस लांबगावचं असलं तरी चालेल. आजारी माणूस नको, भिंत धरत नाही. ज्याचं घेशील त्याला कळता कामा नये.

११ जून

येलेनका— तिला सगळं ठाऊक. गेन्चो— खोकला. तू— गुडघा. आणि तू माझ्या पाठची— नाही. तू नाही.

मग उरलं कोण—

१३ जून

गाडी. छातीत विटा— श्वास—

मला जगायचंय, त्सोना. एवढी म्हातारी झाले, तरी—

वही तुला पाठवणार नाही. पुढचं पान तेवढं फाडून पाठवीन.

१४ जून

त्सोना, कशी आहेस? गुडघा बरा? गेन्चोचा खोकला? आणि रादोस्त ठणठणीत आहे ना? खरं सांग, साधी शिंकसुद्धा नाही ना? तिच्यासाठी निळा झगा शिवायला घेतलाय. तिला सरळ उभी कर, डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा धर, दोन्ही टोकांना गाठ मार आणि पाकिटात घाल. कशाला ते तिला सांगू नको, गंमत राहू दे. उत्तर लवकर पाठव गं, एकवीसच्या आत पोचायला हवं. मावशीचा सगळा जीव आता रादोस्तवर—