घाटात जांभा कुठला?

३ नोव्हेंबर
घरी आलो एकदाचे. ह्यांना पलंगावर बसवलं, पाठीला उशा लावल्या आणि मग ओट्याला टेकून घोटभर चहा प्यायले. बी.पी. ठीक. पाय चालतोय, काठीनं का होईना. उजवा हात मात्र नुसता लोंबतो. आणि बोलणं… "हो" आणि "चहा". बस्स. चहा म्हणजे चहा, पाणी, पंखा, लेक, सगळंच. असू दे. अर्धांगाच्या झटक्यातून माणूस घरी परत आला, हे काय कमी आहे?

५ नोव्हेंबर
सकाळी मी बुद्धवंदना म्हणायला बसले, तर हेही म्हणायला लागले! शेवटपर्यंत, एक शब्द अडला नाही. मला रडूच आलं. पनवेलला लेकीला, प्रज्ञाला फोनही करून टाकला. मग विचारलं, "अहो, नाश्त्याला काय करू?"
"चहा."
अलिबागला जातो त्या वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या, पाठ असलेलं येतं, स्वतःचं वाक्य जुळवणं वेगळं. ते आतून यायला हवं. येईल का, ते सांगता येत नाही. ज्याची गोडी आहे त्या विषयावर त्यांच्याशी बोला.
गोडी! आहे की मागच्या पडवीत, प्लायवूडवर मांडून ठेवलेली.

८ नोव्हेंबर
पडवीतली चादर काढली. आमच्या अलिबागकडे रेल्वे नाही, पण माझ्या पडवीत अख्खा खंडाळ्याचा घाट! ह्यांनी बांधकाम खात्यात जन्मभर नकाशे काढले, निवृत्त झाल्यावर हे खेळातल्या गाडीचं वेड. सात कमानींचा दगडी पूल. चार कमानी झाल्यात, तीन नुसत्या प्लायच्या. इंजिन बोगद्यापाशी धूळ खात उभं.
ह्यांना आणून खुर्चीत बसवलं. पुलाकडे एकदा बघितलं, मग मांडीवरच्या हाताकडे, आणि तोंड फिरवलं. मला रागच आला. म्हटलं, "तुम्ही नाही करत ना? मग मी करते."

११ नोव्हें.
पेणच्या गणपती कारखान्यातून आणलेलं प्लास्टर डब्यात होतं. उकडीच्या सवयीनं गरम पाण्यात कालवलं, तर वाटीतच दगड झाला. वाटी गेली. गार पाण्यात जमलं. कमानीच्या पोटात पाइपचा अर्धगोल काप बसवायचा, वर थर द्यायचा, तो ओलसर असतानाच दाभणानं दगडांच्या रेघा ओढायच्या. ह्यांचं बघून बघून एवढं कळतं.
हे बघत नव्हते. म्हणजे बघत होते. मी वळले की मान फिरवायचे. लबाड.

१४ नोव्हें.
आजचं सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते.
पाचवी कमान रंगवायला घेतली. गेरूत थोडा काळा मिसळला. आमची विहीर, कुंपण, मी शिकवलं ती शाळा, सगळं जांभ्याच्या चिऱ्याचं. दगड म्हटला की तोच तांबडा रंग डोळ्यांपुढे येतो. छान रंगवली, दोन पावलं मागे सरून बघत होते. तेवढ्यात ह्यांनी काठी आपटली.
"घाटात जांभा कुठला?"
ब्रश हातातून पडला. म्हटलं, "काय म्हणालात?"
"काळा! काळा दगड! अक्कल…"
पुढचं अडकलं. पण अक्कल अगदी स्वच्छ आली. फाटकात मासेवाली उभी होती, ती टोपली टाकून आत धावली. "बाय गो, सायब बोलला!" म्हटलं, "बोलले कसले, खेकसले." आणि दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. एवढ्या वर्षांच्या संसारात बोलणी खाऊन इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. बोंबील जरा जास्तच घेतले.

१५ नोव्हें.
प्रज्ञा फोनवर: "आई, खरंच? पूर्ण वाक्य? काय म्हणाले?"
"माझी अक्कल काढली."
ती रडतेय की हसतेय, कळेना.

१८ नोव्हें.
कमान काळी केली. मग सहावीला प्लास्टर दिलं आणि सगळे दगड एका मापाचे काढले, सरळ ओळीत, सांध्याखाली सांधा. मुद्दाम.
"ही काय न्हाणीघराची लादी?"
थोड्या वेळानं, "सांधा… सांधा मोडायचा. खाली-वर."
अलिबागच्या बाईंना सांगितलं नाही मी काय औषध चालू केलंय ते.

२१ नोव्हें.
वाईट दिवस. एक शब्द नाही. व्यायामाच्या वेळी काठी फेकली. मी पण चिडले, दार आपटलं. नंतर वरणभात कालवून दिला, तो गुपचूप खाल्ला.

२३ नोव्हें.
सहावी खरवडून पुन्हा प्लास्टर दिलं आणि कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड आखलाच नाही. त्यावरच तर सगळी कमान तोललेली असते. दाभण पुसलं, डबा झाकला, तरी काठी आपटेना. संपलं की काय सगळं?
मग हळूच, न ओरडता: "सुमन, कमान पडेल."
माझं नाव. झटका आल्यापासून पहिल्यांदा.

२९ नोव्हें.
सातवी. शेवटची. प्लास्टर दिलं, दाभण उलटं धरलं आणि साळसूदपणे विचारलं, "असं ना?"
"मुद्दाम करतेस."
"काय मुद्दाम?"
"चुका. लादीपासून."
चोरी पकडली गेली. म्हटलं, "जांभा मात्र खरा चुकला हो." तर हसले. तोंड एका बाजूला जरा वाकडं होतं, पण हसले.
"कळलं होतं, तर इतके दिवस गप्प का बसलात?"
"गप्प कुठे? बोलत होतो की."
डोळे पुसले, प्लास्टरचा हात तोंडाला लागला.
मग डाव्या हातानं दाभण घेऊन उजव्या मुठीत कोंबायला लागले. बोटं वळेनात. पडलं. मी उचलायला वाकले तर म्हणाले, "चहा."
"चहा म्हणजे चहाच ना?"
"चहा म्हणजे चहा. जा."
आत आले, आधण ठेवलं. पडवीत दाभण पडल्याचा आवाज. जरा वेळानं पुन्हा. प्लास्टर अजून ओलं आहे.
चहा झालाय. पण मी गॅस बारीक करून ठेवलाय, उकळू दे अजून.