डाव्या दाराखालच्या पत्र्याविषयी

शनिवार, २० एप्रिल रोजी सकाळी साडेआठच्या सुमारास मी विदरकोटच्या सेंट केनेल्म चर्चच्या फाटकाबाहेर गुडघे टेकून दुसऱ्याच्या मोटारीला लोहचुंबक लावत होतो. त्या वेळी माझी बुद्धी ठिकाणावर होती, हे मी सर्वांत आधी लिहून ठेवतो. कारण ज्यांनी मला पाहिले त्यांचे मत वेगळे पडू शकते. आमच्या पाद्रीबाई, रेव्हरंड जुडिथ ॲम्फलेट, मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"प्रार्थना आत करतात, ॲड्रियन," त्या म्हणाल्या.

"बुटाची नाडी बांधतोय."

"गमबूट आहेत तुझे."

तर मी, ॲड्रियन जॉन टॉली, वय एकोणपन्नास, राहणार फोर्ज कॉटेज, विदरकोट, वूस्टरशर, व्यवसाय शेतीची व गवत कापायची यंत्रे दुरुस्त करणे, शिक्षण गावच्या शाळेत झाले तेवढे, हे माझे पहिले मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट माझी पत्नी हेझल म्हणते, "एक झडप बदलायचीय तर तू आधीच खड्डा कशाला खणतोस?" १४ मे रोजी माझ्या हृदयाची ही झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, शंभरातले दोनच दगावतात. मी जन्मभर यंत्रे उघडत आलो आहे. शंभरातले दोन म्हणजे काय, ते मला कोणी समजावून सांगायला नको.

कलम १. राहते घर व मागची बाग हेझलची. तिच्या माहितीसाठी: स्वयंपाकघराची उत्तरेकडची खिडकी लाकूड फुगल्यामुळे उघडत नाही असे मी तिला पंधरा वर्षे सांगत आलो. लाकूड फुगलेले नाही. बिजागरी तुटली तेव्हा मी बाहेरून चार खिळे ठोकले आणि त्यावर रंग दिला. हेझल, मला क्षमा कर. खिळे डोकी पुरून मारले आहेत, पकडीने निघणार नाहीत.

कलम २. बँकेत जे असेल तेही हेझलचे. चहा गाळून होईपर्यंत मोजून होईल.

कलम ३. चर्चच्या आवारातले गवत कापायचे माझे यंत्र चर्चला द्यावे. ते पहिल्या दोरीला सुरू होत नाही, तिसऱ्याला होते. मधल्या वेळात शिव्या देऊ नयेत. जुन्या थडग्यांच्या कडेने हाताने कापावे.

कलम ४. वेल्डिंगचे यंत्र, दोन्ही ग्राइंडर आणि वस्तू आवळून धरायचा वडिलांचा वाइस माझा थोरला भाऊ क्लाइव्ह याला. क्लाइव्ह आणि मी अकरा वर्षे नाताळच्या कार्डापलीकडे बोललेलो नाही. गावात समज असा की भांडण वाइसवरून झाले. तो समज मीच पसरू दिला. खरे कारण कलम ६ मध्ये येईल.

कलम ५. माझ्या दफनाच्या वेळी "याच्या हाताला सफाई होती" असे कोणी बोलू नये. बाकी पाद्रीबाईंना योग्य वाटेल ते.

कलम ६. हे कलम मी तिसऱ्यांदा लिहीत आहे. दोनदा उठून शेडमध्ये जाऊन आलो, काही काम नसताना. एकदा स्वच्छ असलेले नटबोल्टचे पाने पुन्हा पुसले.

हे कलम ज्या मोटारीविषयी आहे ती माझ्या मालकीची नाही. ती एमजी आहे, १९६७ सालची, गडद हिरवी, दोन आसनांची, बिनछपराची. मी ती एका कोंबडीवाल्याच्या गोठ्यातून ओढून आणली तेव्हा तिच्या आसनावर एक कोंबडी उबवायला बसली होती. दोन वर्षे दर संध्याकाळी मी तिच्यावर काम केले. इंजिन खोलून बसवले, तारा नव्या ओढल्या, स्टीअरिंगच्या लाकडी चक्राला सात वेळा वार्निश दिले. मग ती श्रीमती ओल्वेन प्रॉसर यांनी घेतली. त्या आमच्या गावच्या शाळेत बाई होत्या. मला वाचायला त्यांनी शिकवले. निवृत्त झाल्यावर त्या म्हणाल्या, "तीस वर्षं मी पोरांना रांगेत चालायला लावलं, आता मी वारा खाणार." आज त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि अजून वारा खातात.

बिनछपराच्या गाडीला कणा असतो तो दाराखाली. पत्र्याच्या तीन थरांची ती एक लांब पेटी असते, एक उजवीकडे, एक डावीकडे. छप्पर नाही, म्हणून सगळा भार त्यांच्यावर. डावीकडची पेटी गंजून चाळण झाली होती, ती मला कापून काढायची होती. क्लाइव्ह त्या दिवशी शेडमध्ये होता. तो म्हणाला, "आधी दाराच्या चौकटीत आडवी पट्टी मार. नाहीतर मधेच बसेल ती."

मी म्हणालो, "मला शिकवू नकोस."

"बरं, मग केळं करून ठेव तिचं," तो म्हणाला आणि निघून गेला.

मी पट्टी न मारता कापले. गाडी मध्यावर तीन सूत खचली. दार लागेना. बाईंना पेंटेकॉस्टच्या सणाच्या रविवारी गाडी देण्याचा शब्द दिला होता आणि क्लाइव्हला बोलवायला जीभ रेटत नव्हती. मी मधोमध जॅक लावून गाडी उचलली, बाहेरचा एकच पत्रा जोडला, आतले दोन थर घातलेच नाहीत. मागच्या टोकाला तो पत्राही पुरला नाही. तिथे ॲल्युमिनियमची जाळी ठासून वर पुट्टी भरली, घासली, खाली डांबरी रंग मारला. दार असे लागले की लोक पुन्हा पुन्हा लावून ऐकत. क्लाइव्हने रविवारी ते पाहिले, खाली वाकून एकदा बोटाने टकटक केले आणि माझ्याकडे बघितले. बोलला काहीच नाही. त्याबद्दल मी त्याला क्षमा करू शकलो नाही.

पहिली पाच वर्षे वार्षिक तपासणीत डांबरी रंगाखालचे काही दिसले नाही आणि २०१८ पासून इतक्या जुन्या गाड्यांना सरकार तपासणीच मागत नाही. म्हणजे ती पेटी कोणी कधी उघडणार नव्हते. दर रविवारी मी सर्वांबरोबर मोठ्याने पापकबुली म्हणतो. तिच्यात मोटारीचा उल्लेख नाही, त्या फटीतून मी अकरा वर्षे निसटलो.

मार्चमध्ये मी पाहिले की बाई डावे दार लावताना ते थोडे उचलून लावतात. शेजारी कोणी बसले असेल तरच. "म्हातारी झालीय, माझ्यासारखी," त्या हसून म्हणाल्या. मला हसू आले नाही. कणा वाकू लागला की दार असेच वागते. तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. जेवायला बसतो आणि उठतो. रविवारी चर्चमध्ये घंटेची दोरी ओढताना मोजणी चुकतो. पुट्टी चार बोटेच होती, असे मला आठवत होते. ते ताडून पाहायला मी त्या शनिवारी चर्चच्या फाटकाशी लोहचुंबक घेऊन गेलो; पुट्टीवर तो चिकटत नाही. तो पुढे चिकटला, मागे जाऊन घसरला आणि दीड वीतभर कुठेच चिकटला नाही. पाप आठवणीत आकसते.

म्हणून मी असे लिहितो की माझ्या मृत्यूनंतर हे कलम श्रीमती प्रॉसर यांना वाचून दाखवावे, गाडी रस्त्यावर आणू नये असे त्यांना सांगावे, आणि माझे पत्र्याचे उरलेले तुकडे व दुरुस्तीला लागेल ते सर्व त्यांना द्यावे.

हे लिहून मी मंगळवारी, ३० एप्रिलला, सकाळी टपालपेटीपर्यंत फिरायला गेलो. तिथे बाई भेटल्या. त्या वेल्समध्ये समुद्रकाठी चालल्या होत्या, येत्या सोमवारी, थोरल्या बहिणीला, ग्विनेथला, शेजारी बसवून. बहीण ब्याऐंशीची. शेजारचे आसन म्हणजे डावीकडचे.

मी घरी आलो आणि कलम ६ पुन्हा वाचले. त्यात सगळे होते, फक्त हिशेब असा होता की मरायचा पहिला मान माझा. तो कागद खिशात घालून मी बाईंच्या घरी गेलो. त्या टेबलावर नकाशा पसरून बसल्या होत्या.

"बाई, सोमवारी गाडी नेऊ नका."

"का रे? तुला पण यायचंय?"

मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्यानेच वाचला. वाचताना त्यांनी सवयीने पेन्सिल उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"हे कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

"मागच्या उन्हाळ्यात मी ग्विनेथच्या नातीला त्यात बसवून फिरवलं. नऊ वर्षांची आहे ती. तू फाटकातून हात हलवलास आम्हाला."

"हो, बाई."

"हो बाई काय? आणि हे मला मेल्यावर कळवणार होतास? तू मेल्यावर, की मी?"

त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथूनच म्हणाल्या, "भाषा बरी आहे. वागणं नाही." मग किल्ली माझ्याकडे टाकली. "उघड. मला बघायचंय मी कशावर बसत होते."

गाडी ढकलत माझ्या शेडमध्ये आणली. बाई चालवू देईनात आणि मलाही चालवायची नव्हती. त्या उलट्या बादलीवर बसल्या. मी क्लाइव्हला फोन केला. अकरा वर्षांनी त्याचा आवाज ऐकून मी फक्त इतकेच म्हणालो, "आडवी पट्टी मारायची होती."

तो म्हणाला, "मग आता तरी मी येईपर्यंत काही कापू नकोस, गाढवा."

दुपारी तो आला. आधी दोन्ही चौकटींत आडव्या पट्ट्या मारल्या, त्याने स्वतः, मला हात लावू दिला नाही. मग ग्राइंडर माझ्या हातात दिला. "तुझं तू उघड."

हिरवा रंग मीच दिलेला, आरशासारखा. मी त्यात चाक घातले. पुट्टीचा गुलाबी भुगा उडाला, मग जाळी निघाली, मग काहीच नाही, नुसती पोकळी. बाई बादलीवरून उठून आल्या, वाकल्या आणि त्या पोकळीत कोपरापर्यंत हात घालून पाहिला. हात बाहेर काढला तो काळा झाला होता.

"ग्विनेथला आगगाडीनेच नेते," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर मी अजून रागावलेली आहे. ऑपरेशनच्या आधी ओसरेलच असं समजू नकोस."

"नाही समजत, बाई."

क्लाइव्ह म्हणाला, "आतले दोन पत्रे मी कापून आणतो. टॉली घराण्यात निदान एकाला मापं घेता येतात." हेझलने चहा आणला, तेव्हा तो तिला म्हणाला, "हेझल, त्या खिडकीचं पण बघू का?" मी कलम १ त्याला वाचायला दिलेले नव्हते. त्याला कसे कळले, ते मी विचारले नाही.

आज शनिवार, ४ मे. आतला पहिला थर बसला आहे, दुसरा सोमवारी. मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठलो नाही तरी काम थांबणार नाही, क्लाइव्हने तसे बाईंना तोंडावर सांगितले आहे.

कलम ६ मधील श्रीमती ओल्वेन प्रॉसर यांना काही देणारा व काही सांगणारा सर्व मजकूर मी आडवी रेघ मारून रद्द करीत आहे. कारण: जे माझ्या मृत्यूनंतर द्यायचे ठरवले होते ते मी मंगळवार, ३० एप्रिल रोजी त्यांच्या हाती दिले.

ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याला त्यावर साक्ष घालता येत नाही, असे पाद्रीबाईंनी सांगितले. आता बाईंना काही मिळत नाही. म्हणून मी त्यांनाच विचारले आणि त्या आल्या. दोघींनी मला सही करताना पाहिले, आणि मी त्यांना.

ठिकाण: फोर्ज कॉटेज, विदरकोट
तारीख: ४ मे २०२४

(सही) ॲड्रियन जॉन टॉली

साक्षीदार:

१. (सही) जुडिथ ॲम्फलेट, धर्मोपदेशक, सेंट केनेल्म

२. (सही) ओल्वेन प्रॉसर, निवृत्त शिक्षिका. वरील रेघ माझ्यासमोर मारली. कलम ६ मधले मला जिवंत माणसाकडून मिळाले.